नवं आतडं आपलंसं व्हावं म्हणून

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि त्याचं जवळजवळ सगळं लहान आतडं काढावं लागलं. वर्षभराहून जास्त काळ तो टीपीएनवर, म्हणजे शिरेतून दिलेल्या अन्नावर जगला. आठ महिन्यांपूर्वी एका मेंदूमृत दात्याचं लहान आतडं त्याला बसवलं. तिसऱ्या महिन्यात रिजेक्शन आलं, म्हणजे शरीर त्या आतड्यावर परकं म्हणून धावून गेलं, ते स्टेरॉइडच्या मोठ्या डोसांनी आटोक्यात आलं. आता तो आमच्याबरोबर बसून जेवतो. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांना फार कंटाळलाय. हात थरथरतात, चेहरा सुजलाय. काही रुग्णांचं शरीर नवा अवयव आपला मानायला लागतं आणि त्यांच्या गोळ्या बंद होतात, असं त्याने वाचलंय. 'थोडी थोडी कमी करून बघतो,' असं म्हणतो. मावशी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा आणते. चुलतभावाने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणून दिल्यात. एका क्लिनिकने स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं देऊन 'टॉलरन्स' आणून देतो असं सांगितलंय, आणि त्यासाठी आईची सोनं मोडायची तयारी आहे. शरीराने हे आतडं स्वीकारावं म्हणून आम्ही खरंच काय करू शकतो? घरात माझी दीड वर्षाची मुलगी आहे, तिच्यामुळे त्याला धोका आहे का? आणि यंदा गणपतीला त्याला गावी, कुडाळला, न्यावं का?

— त्याची ताई, भांडुप

उत्तर

ताई,

'कमी करून बघतो' हे तो नुसतं बोललाय की त्याने केलंयसुद्धा, हे पत्रातून कळत नाही. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून तेवढं विचारा. रागावू नका. एखादा डोस जरी त्याने मुद्दाम सोडला असेल, तर ट्रान्सप्लांट टीमला लगेच फोन करून सांगा. डॉक्टर बोलतील या भीतीने घरं ही गोष्ट दडवतात, आणि आतड्याच्या बाबतीत दडवणं फार महागात पडतं. किडनी बिघडायला लागली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, साध्या तपासणीत सुगावा लागतो. आतड्यासाठी असा भरवशाचा रक्ततपास अजून नाही. सिट्रुलिनसारख्या तपासण्यांची मदत होते, पण खात्री होते ती स्कोपी करून, म्हणजे आत दुर्बीण घालून, काढलेल्या तुकड्यावरूनच, म्हणजे बायोप्सीवरूनच. म्हणून तर सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची इतक्या वेळा स्कोपी झाली असेल. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि आत अस्तर सोलवटायला लागलेलं असतं. ते सोललं की आतड्यातले जंतू थेट रक्तात उतरतात. म्हणजे रिजेक्शन आणि रक्तातला जंतुसंसर्ग एकाच वेळी. पहिल्यावर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची असते, दुसऱ्यावर तिला मोकळीक द्यायची असते. डॉक्टरांची कोंडी होते ती इथे.

काढा आजपासून बंद. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही बंद. दोन्हींची कारणं पुढे देते, कारण मावशींना नुसतं 'बंद' सांगून पटणार नाही. पण आधी तुमच्या भावाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न वेडेपणाचा नाही. या शास्त्रातली मोठमोठी माणसं गेली 80 वर्षं नेमकं हेच विचारत आली आहेत.

1945 मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांना गाईंच्या जुळ्या वासरांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच गर्भात, पण वेगवेगळ्या बीजांपासून वाढलेल्या वासरांच्या अंगात आयुष्यभर एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदत होत्या. गर्भातच ओळख झाल्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नव्हतं. त्यावरून पुढे इंग्लंडमध्ये पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर त्याच वंशाच्या उंदराची कातडी त्यांनी कुठल्याही औषधाशिवाय स्वीकारली. हे 1953 चं काम, आणि 1960 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या कातडीला टॉलरन्स मिळाला होता. तुमच्या भावाने वाचलेला टॉलरन्स तोच: बाकी सगळ्या जंतूंशी शरीर लढतं, फक्त त्या एका दात्याच्या अवयवाशी लढत नाही.

माणसांतही हे थोडंफार जमलंय. 2008 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने पाच रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांना किडनीबरोबर त्याच दात्याचा अस्थिमज्जाही दिला होता, आणि त्यांतल्या चौघांच्या गोळ्या बंद करता आल्या. या पद्धतीने उपचार झालेल्या काहींना पुढे पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागल्या, हेही सांगायला हवं. आपल्या शेजारी अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या स्टेम सेल्स वापरून औषधांचं ओझं कमी करण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. यकृताचं तर आणखी पुढचं. आई किंवा वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेल्या 20 निवडक मुलांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवली, तेव्हा 12 मुलं गोळ्यांशिवाय ठीक राहिली. तो अभ्यास 2012 चा.

तुमच्या भावाने वाचलेल्या कहाण्या बहुधा यांतल्याच असणार. पण त्या किडनीच्या आणि यकृताच्या आहेत. आतड्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते वेगळं का आहे हे त्याला नीट समजलं तर गोळीकडे बघण्याची त्याची नजर बदलेल असं मला मनापासून वाटतं.

आतडं हा नुसता अन्न शोषणारा अवयव नाही. शरीरातल्या संरक्षक पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत आणि त्याला लागून असलेल्या लसिकाग्रंथींमध्ये असतो. किडनी बसवली की थोड्याशाच परक्या पेशी आत येतात. आतडं बसवलं की दात्याची अख्खी फौज बरोबर येते. शिवाय आतल्या पोकळीत अब्जावधी जंतू. म्हणून इथे भांडण दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. तुमच्या भावाच्या पेशी नव्या आतड्यावर धावून जातात, ते रिजेक्शन. पहिल्या वर्षात साधारण 30 ते 50 टक्के रुग्णांना ते कधी ना कधी येतं. त्याला आलं म्हणजे त्याचं किंवा तुमचं काही चुकलं असं मुळीच नाही. उलट दात्याच्या पेशी भावाच्या शरीरावर उठतात, तेव्हा त्याला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट आजार म्हणतात. तो शंभरात साधारण 5 ते 10 जणांना होतो. तळहातावर किंवा अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही दिसलं तर घामोळं म्हणून पावडर लावत बसू नका, दाखवा.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मेगन साइक्स यांच्या गटाने आतडं बदललेल्या रुग्णांच्या बायोप्सीतल्या पेशी वर्षानुवर्षं तपासल्या. आतड्याचा सांगाडा दात्याचाच राहतो, पण त्यातल्या संरक्षक पेशी हळूहळू बदलत जातात आणि त्यांच्या जागी रुग्णाच्या स्वतःच्या पेशी येऊन राहतात. आपल्याकडच्या जुन्या इमारतीत भिंती त्याच राहून बिऱ्हाडं एकेक करून बदलत जावीत, तसं. ही अदलाबदल ज्यांच्यात सावकाश झाली त्यांना रिजेक्शनचा त्रास कमी झाला. ज्यांच्यात ती घाईघाईने, मारामारी करून झाली, त्यांना जास्त. 2016 मध्ये त्यांनी हे मांडलं. 2019 मध्ये त्याच गटाने दाखवलं की दात्याच्या आतड्यातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीही येतात आणि रुग्णाच्या रक्तात काही काळ दात्याच्या पेशी सापडतात. ज्यांच्या रक्तात त्या जास्त दिसल्या, त्यांच्यात रिजेक्शन कमी होतं. म्हणजे आतडं स्वतःबरोबर टॉलरन्सचं बीज घेऊन येतं की काय, अशी आशा त्यातून जागी झाली आहे.

याच्या जोडीला रेग्युलेटरी टी सेल्स, म्हणजे भांडण आवरणाऱ्या पेशी. जपानचे शिमोन साकागुची यांनी त्या 1995 मध्ये ओळखल्या, आणि 2025 चं वैद्यकातलं नोबेल त्यांना, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयासाठी मिळालं. रुग्णाच्या अंगात या पेशी वाढवून नवा अवयव सांभाळता येईल का, यावर आज अनेक ठिकाणी काम चालू आहे. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या टीमने आतड्याच्या मोजक्या रुग्णांमध्ये दात्याचं थोडं रक्त आधी देऊन, स्टेरॉइडचा मारा टाळून, शरीरातला दाह कमीत कमी ठेवून या पेशींना वाव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचे परिणाम चांगले आले.

मग हे सगळं तुमच्या भावाला आज का मिळू शकत नाही? किडनीच्या त्या प्रयोगांत दाता जिवंत होता. तारीख आधी ठरली, रुग्णाच्या शरीराची तयारी करायला वेळ मिळाला. मेंदूमृत दात्याचं आतडं बर्फात टिकतं जेमतेम 6 ते 8 तास. रात्री फोन येतो आणि पहाटे पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये असतो, त्यात तयारीला जागा कुठली? अस्थिमज्जासाठी लागणारी जहाल औषधं आधीच खंगलेल्या, टीपीएनवरच्या माणसाला झेपणं कठीण. आणि आतड्यात एकदा का बिघडलं तर सावरायला फार कमी वेळ मिळतो. यकृत चुका माफ करतं. यकृताबरोबर आतडं बसवलं तर आतड्यालाही त्याचं काही संरक्षण मिळतं. तुमच्या भावाला नुसतं आतडं मिळालंय. म्हणून आज जगात कुठेही, केवळ लहान आतडं बसवलेल्या रुग्णाला 'आता गोळ्या बंद करा' असं सांगणारी नेहमीची उपचारपद्धत नाही. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. आशा ठेवायला जागा आहे, पण प्रयोग स्वतःच्या आतड्यावर घरी बसून करायचा नाही.

त्याला हेही सांगा की गोळ्या कमी होण्याचा एक रस्ता आहे आणि तो टीमच्या हातून जातो. पहिल्या वर्षानंतर, बायोप्सी स्वच्छ येत राहिल्या तर स्टेरॉइड हळूहळू उतरवतात, टॅक्रोलिमस (टॅक्रो) या रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य औषधाचं रक्तातलं लक्ष्यही खाली आणतात. चेहऱ्याची सूज बहुतेक स्टेरॉइडची आहे, आणि डोस उतरला की ती उतरते. हाताचा कंप टॅक्रोलिमसचा. काही रुग्णांचा कंप गोळीचा प्रकार बदलल्यावर कमी होतो. 31 वर्षांच्या मुलाला आरशात स्वतःचा चेहरा ओळखू येऊ नये, चहाचा कप धरता येऊ नये, हे दुःख खरं आहे. 'जीव वाचला ना, मग कुरकुर कसली' असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. ही कुरकुर डॉक्टरांपर्यंत पोचली तरच त्यावर उपाय निघतो. तशीच दाबून ठेवली तर ती एक दिवस गोळी न घेण्यातून बाहेर पडते. मी ज्या घरांशी बोलत आले आहे, तिथे बंद झालेल्या औषधांमागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा माणूस थकलेला असतो आणि ते त्याने कुणाला सांगितलेलं नसतं.

पुढच्या भेटीत टीमला विचारा: दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी त्याच्या रक्तात आहेत का, शेवटचं कधी तपासलं? टॅक्रोच्या रक्तातल्या लेव्हल गेल्या काही महिन्यांत किती वरखाली झाल्या? स्टेरॉइड उतरवण्याचा बेत काय आहे? सीएमव्ही आणि ईबीव्ही या विषाणूंची तपासणी कधी? किडनीची स्थिती काय? आणि मूळ आजार गुठळीचा होता, तर रक्त पातळ करणारी गोळी किती काळ? हे वहीत लिहून न्या, कारण ओपीडीच्या गर्दीत निम्मं विसरतं.

स्टेम सेलच्या क्लिनिकबद्दल माझं मत ठाम आहे: एक रुपयाही देऊ नका. वर सांगितलेले सगळे प्रयोग मोठ्या रुग्णालयांत, त्याच दात्याच्या पेशी घेऊन, नैतिक समितीच्या परवानगीने झालेले आहेत. तुमच्या भावाचा दाता आठ महिन्यांपूर्वी गेला. हे क्लिनिक कोणाच्या पेशी टोचणार आहे? तिऱ्हाईताच्या पेशी टोचल्या तर त्यांच्याविरुद्ध नव्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात, आणि उद्या दुसऱ्यांदा आतडं बसवायची वेळ आलीच तर जुळणारा दाता मिळणं अवघड होऊ शकतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेले मोजके आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो त्याला 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मधला नोंदणी क्रमांक मागा, आणि मिळालाच तर तो आपल्या टीमला दाखवा. आईंचं सोनं पुढच्या काही वर्षांच्या औषधांसाठी आणि स्कोपीसाठी लागू शकतं. खर्चाचा ताण आत्ताच असेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट्स, मुख्यमंत्री सहायता निधी यांचे अर्ज त्यांना पाठ असतात. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखून ठेवायच्या असतात. तुमचं रुग्णालय त्यात येतं का, हेही विचारा.

आता मावशींचा काढा. कोविडच्या काळात घराघरांत गुळवेल आली. त्यानंतर मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद मला इथे सोडवायचा नाही. तुमच्या भावापुरतं एवढं पुरेसं आहे की गुळवेल घेतातच प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी, आणि त्याच्या शरीरात तिला चेतवणं म्हणजे नव्या आतड्यावर सोडणं. इतरांसाठी जे बळ, ते त्याच्यासाठी संकट. च्यवनप्राश, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेलं काहीही टीमला दाखवल्याशिवाय नको. आमटी-भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या.

मावशी प्रेमाने येतात, रोज येतात. हा माणूस घरात हवाच. त्यांच्याकडे दुसरं काम सोपवा: सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी भाच्याला गोळी घेताना स्वतः बघणं, पाणी उकळून ठेवणं, वहीत रोजचं स्टोमाचं (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाचं) किंवा शौचाचं प्रमाण लिहिणं. डॉक्टरांकडून एकदा त्यांच्यासमोरच काढ्याबद्दल ऐकवा. तुमच्यापेक्षा डॉक्टरांचं त्या ऐकतील.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या आणि आतड्याचं अस्तर नाजूक झालेल्या माणसाच्या रक्तात हेच जंतू उतरल्याच्या नोंदी आहेत. दह्याचं टीमला विचारा. बऱ्याच टीम घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही चालेल म्हणतात, पण त्याचा निर्णय त्याच्या बायोप्सीवर ठरेल.

तर मग घरच्यांनी करण्यासारखं काय उरतं? बरंच उरतं, आणि त्याचा मोठा भाग टॅक्रोलिमसच्या भोवती आहे. हे औषध 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबा पर्वताच्या परिसरातल्या मातीतल्या जंतूपासून सापडलं. आतड्याचं प्रत्यारोपण व्यवहारात येऊ शकलं ते मुख्यतः त्यानंतर. त्याआधीचे बहुतेक प्रयत्न रिजेक्शनने किंवा संसर्गाने फसत होते. टॅक्रोची रक्तातली लेव्हल सरासरी बरोबर असून भागत नाही. आज वर, उद्या खाली असं झोकांड्या खाणं हेच रिजेक्शनला आणि अँटीबॉडीला आमंत्रण असतं. शरीराला नव्या आतड्याशी जुळवून घ्यायला शांतता लागते, आणि ती शांतता म्हणजे रोज 12 तासांच्या अंतराने, एकाच पद्धतीने घेतलेली गोळी. तुम्ही विचारलंत की टॉलरन्ससाठी काय करू. आजच्या घडीला घराच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम हे आहे.

लेव्हल तपासायच्या दिवशी रक्त दिल्यावरच सकाळची गोळी, आधी नाही. त्या दिवशी गोळी खिशात घेऊन जा, कारण कल्याण-सीएसएमटीच्या गर्दीत अडकलात तर घरी यायला दुपार होते. केमिस्टकडे नेहमीची कंपनी नसेल आणि तो 'सेमच आहे' म्हणून दुसरी देत असेल तर आधी टीमला फोन करा. कंपनी बदलली तर लेव्हल पुन्हा बघावी लागते. दिवसातून दोनदा घ्यायची आणि एकदाच घ्यायची गोळी एकमेकींच्या जागी कधीच चालत नाही. घरात किमान दोन आठवड्यांचा साठा असू द्या, पावसात रस्ते तुंबले तरी डोस चुकणार नाही.

जुलाब लागले किंवा स्टोमाचं पाणी अचानक वाढलं तर घरी थांबू नका. लोकांना वाटतं की जुलाबात औषध वाहून जातं म्हणून लेव्हल पडते. टॅक्रोच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं, लेव्हल चढते आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने किडनीवर दुहेरी मार बसतो. आणि ते जुलाब संसर्गाचे आहेत की रिजेक्शनचे, हे घरच्यांना काय, डॉक्टरांनाही स्कोपीशिवाय ठामपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य 'याचं आतडं बदललंय, टॅक्रोलिमस चालू आहे' हेच. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी लेव्हल झपाट्याने चढते. आपल्या शहरात टीबीची शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते, आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन टॅक्रोची लेव्हल पार तळाला नेतं. टीबी निघालाच तर औषधं सुरू होण्याआधी दोन्ही डॉक्टरांचं बोलणं घडवून आणा. डोकं दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, किडनीला बाधतं. फळांत ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे हे तुम्हाला सांगितलं असेल. पपनसही त्याच कुळातलं. गणपतीच्या दिवसांत माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेलं पपनस नंतर सगळे वाटून खातात, त्याच्या वाट्याची फोड ठेवू नका.

मुलीबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण नेमकं दीड वर्षाच्या सुमाराला पोलिओच्या थेंबांचा बूस्टर असतो. तोंडातून दिलेल्या थेंबांतला विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. घरात प्रतिकारशक्ती दाबलेला माणूस असेल तर थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं. बालरोगतज्ज्ञांना आणि पल्स पोलिओच्या मोहिमेत दारात येणाऱ्या कार्यकर्त्यांना हे आधीच सांगा. थेंब देऊन झाले असतील तर घाबरू नका. तिचे लंगोट मामाने बदलायचे नाहीत आणि बाकीच्यांनी साबणाने नीट हात धुवायचे. गोवर-रुबेलाची लस तिला जरूर द्या, त्यातून मामाला धोका नाही, उलट त्याचं संरक्षणच होतं. घरातल्या मोठ्यांनी दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घ्यावं. ती सर्दीने फुरफुरत असेल तेवढे दिवस मांडीवर घेणं थांबवा. बाकी तिला त्याच्यापासून तोडू नका, त्याला तिची गरज आहे.

राहिला गणपती. माझं उत्तर यंदा 'नको' असं आहे. पहिलं वर्ष पुरं झालेलं नाही, एक रिजेक्शन होऊन गेलंय, आणि कुडाळहून तुमच्या रुग्णालयात पोचायला गाडीने रात्र जाते. रात्री दोनला ताप आला तर काय, याचं उत्तर गावात नाही. सप्टेंबरच्या आगेमागे सिंधुदुर्गात भातशेतीच्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, विहिरीचं पाणी पावसाने गढूळ झालेलं असतं, आणि घरी येणाजाणाऱ्यांची रीघ. मुंबईतही साचलेल्या पाण्यातून त्याने चालायचं नाहीच. चालावं लागलंच तर त्याच दिवशी टीमला कळवायचं. त्याच्यासोबत कोणीतरी एकाने भांडुपला थांबा, आळीपाळीने थांबलात तर कुणाचा सण बुडणार नाही. शेजारच्या घरी दर्शनाला तो मास्क लावून, गर्दी नसताना जाऊ शकतो. तीर्थ आणि कच्च्या दुधाचं पंचामृत हातावर घेऊन कपाळाला लावायचं, प्यायचं नाही. घरी ताजे वाफवलेले मोदक टीमने दिलेल्या आहारात बसत असतील तर गरम असतानाच खायला द्या. सारणातलं खोबरं आणि गूळ त्याला किती झेपतो ते आहारतज्ज्ञांना आधी विचारा. पुढच्या वर्षीपर्यंत बायोप्सी नीट आल्या, तर गावी जाण्याआधी महिनाभर टीमशी बोलून कुडाळ किंवा गोव्यातल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर, केसपेपरची प्रत आणि दुप्पट औषधं बरोबर घेऊन खुशाल न्या.